कार्ड राहू द्या, यादी बघा

प्राथमिक शाळेत शिकवताना बऱ्याच निवडणुकांना माझी ड्युटी लागली, आणि बहुतेक वेळा मतदान अधिकारी क्रमांक एक म्हणून. म्हणजे यादी माझ्यासमोर. जावळी असो की कोरेगाव, दारातून पहिला प्रश्न ठरलेला, "बाई, कार्ड घरी राहिलं, चालंल का?"

चालतं. पण यादीत नाव हवं. नाव नसेल तर नवंकोरं कार्डही उपयोगाचं नाही. नाव असेल तर आधार, पॅन, लायसन, पासपोर्ट, रोजगार हमीचं जॉबकार्ड, फोटोवालं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक यांतलं एक पुरतं. लोकसभा-विधानसभेला रेशनकार्ड चालत नाही. घरी आलेली चिठ्ठीही 2019 पासून ओळखीचा पुरावा नाही, ती फक्त अनुक्रमांक सापडायला. मोबाइलमधला फोटो दाखवू म्हणाल, तर मोबाइल आत नेता येत नाही. 'सुनीता'चं 'सुनिता' झालंय म्हणून मात्र घरी परतू नका. ओळख पटली की असल्या चुका सोडून देतात.

खरा घोळ लेकी-सुनांचा. लग्न होऊन मुलगी कराडला नांदते, नाव माहेरी मेढ्याच्या यादीत. मग कुणीतरी नव्यानं फॉर्म 6 भरून देतं आणि नाव दोन ठिकाणी होतं. पत्ता बदलायला फॉर्म 8 असतो. माथाडीत गेलेल्या आमच्या गावकऱ्यांचंही तेच, एक नाव नवी मुंबईत, एक गावात. कायद्यानं एकाच जागी ठेवता येतं. यादीची चौकशी बीएलओकडे (म्हणजे आपल्या केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे) किंवा 1950 या हेल्पलाइन नंबरवर, आणि ती मतदानाच्या सकाळी नव्हे, महिनाभर आधी करा.

एकदा एका आजींच्या नावापुढे आधीच खूण झालेली. "माझं मत कुणी खाल्लं?" म्हणून त्या खालीच बसल्या. अशा वेळी केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत मागायचं. ते ओळख तपासतात, मतदार खरा वाटला की मतपत्रिका देतात. यंत्र नाही, कागदावर शिक्का मारायचा आणि तो पाकिटात बंद. आजींनी मारला. एरवीच्या मोजणीत ते मत धरत नाहीत, प्रकरण कोर्टात गेलं तरच त्याला किंमत. हे त्यांना सांगायचा धीर मला झाला नाही.

आणि शेतातून उशीर झाला तरी या. वेळ संपायच्या आत रांगेत असाल तर मत देता येतं. तेव्हा चिठ्ठ्या वाटतात त्या शेवटच्या माणसापासून, मागून कुणी घुसू नये म्हणून.