कूलर मागवण्याआधी पट्टी घ्या हातात

संगणकातल्या प्रोसेसरचा कूलर कोकलतो तो बहुतेक वेळा पंखा छोटा असतो म्हणून. तेवढीच हवा ढकलायला त्याला जास्त गरगरावं लागतं. 65 वॅटच्या प्रोसेसरला 120 मिलिमीटर पंख्याचा, चार हीट पाइपचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा) टॉवर कूलर, म्हणजे उभा, उंच कूलर, आरामात पुरतो. पाण्याच्या कूलरचा सोस कशाला, त्यात पंपाची घरघर वेगळी! पण असे टॉवर साधारण 155 मिलिमीटर उंच असतात. कॅबिनेटचं झाकण लागेल का, ते आधी मोजा. सॉकेटही (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) कूलरशी जुळवून बघा. बसवताना तळाची पारदर्शक फिल्म सोलायची असते (मी विसरलो होतो, तापमान थेट नव्वदीत). पंखा चार पिनचा, म्हणजे वेग कमी-जास्त करता येणारा असेल तर बायॉसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) 60 अंशांपर्यंत त्याचा वेग कमीच ठेवा.