नवे सेल टाकूनही खेळण्यातलं इंजिन हलत नाही? आधी वजा बाजू बघा

"नवे सेल घातले, तरी चालत नाही. मोटर गेली असणार." आगगाडीचं खेळणं हातात घेऊन दारात उभा राहिलेला प्रत्येक बाप मला हेच सांगतो. आजवर माझ्याकडे आलेल्या इंजिनांत खरोखर मोटर जळालेली किती, तर एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी. बाकी सगळी सेल आणि मोटर यांच्यामधल्या चार इंचांत अडलेली होती.

मी इथे पेन्सिल सेलवर, म्हणजे एए किंवा एएए सेलवर चालणाऱ्या इंजिनांबद्दल बोलतोय. रुळातून वीज घेणाऱ्या एचओ मापाच्या मॉडेल गाड्यांची दुखणी वेगळी.

सेल घातलेत ते खरंच नवे आहेत का, हे आधी बघून घ्या. ड्रॉवरमध्ये वर्षभर लोळलेले सेल नवे नसतात. एक जुना आणि एक नवा अशी जोडी तर कधीच लावू नका. जुना आधी संपतो, नवा त्याच्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलत राहतो आणि जुना गळायला लागतो. बदलायचे तर सगळे एकदम, एकाच जातीचे.

चार्ज होणारे सेल लावले असतील तर एक गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. निकेलचे सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात, त्यामुळे इंजिन जरा हळू पळतं, पण पळतं. मुळीच हललं नाही तर सेलचं अधिक टोक बघा. सेल बसतात त्या बऱ्याच खोक्यांत अधिकच्या पत्रीच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकची कड असते. सेल उलटा बसला तर सपाट टोक पत्रीला टेकू नये, म्हणून ती ठेवलेली असते. काही चार्जेबल सेलचं टोक इतकं बुटकं असतं की ते त्या कडेतच अडकतं आणि पत्रीला टेकत नाही. दुसरे सेल लावून बघा, लगेच कळेल. आणि '१४५००' लिहिलेला लिथियम सेल अगदी एए एवढाच दिसतो, पण तो ३.७ व्होल्टचा असतो. त्याने मात्र मोटर खरंच जाळता येते.

चाकांच्या आसात केस आणि सतरंजीचे धागे गुंतलेले असतात, ते चिमट्याने काढा.

मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, असेल तर सेल नुसता हातात धरून मोजू नका. मरायला टेकलेला सेलही मोटर जोडलेली नसताना १.४ व्होल्ट दाखवू शकतो. इंजिनात बसवून, स्विच चालू करून मोजा. मोटर ओढत असताना तोच सेल ०.९ वर आला, तर तो फेका.

इथपर्यंत सगळं ठीक असेल, तर दोष पुढच्या टप्प्यात आहे, आणि मी स्वतः तीन संध्याकाळी फुकट घालवल्या त्या इथेच. भाच्याचं निळं डिझेल इंजिन होतं. खोक्यात सेल गळून स्प्रिंगवर पांढरा चुना चढलेला. मी तो साफ केला, स्प्रिंग चकचकीत झाली, नवे सेल घातले. इंजिन कण्हल्यासारखा आवाज करी, इंचभर सरके आणि थांबे. पुन्हा साफ केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी वैतागून मीटरची एक पिन सेलच्या वजा टोकाला लावली, दुसरी मोटरच्या त्या पायाला जिथे काळी वायर येते, आणि स्विच चालू केला. एकाच वायरीची दोन टोकं, म्हणजे आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. आला ०.९. दोन सेलच्या मिळून तीन व्होल्टमधला जवळजवळ एक व्होल्ट त्या चार इंच वायरीतच खर्च होत होता.

वायर सोलली तर आतलं तांबं काजळीसारखं काळं. सेलमधून गळलेला क्षार स्प्रिंगवर थांबत नाही. तो वजा बाजूने पुढे सरकत जातो, वायरीच्या प्लास्टिकखालून, तांब्याच्या तारांना धरून. बाहेरून वायर ठणठणीत दिसते. अशा तांब्यावर सोल्डर, म्हणजे वायर जोडायचा वितळलेला धातूही धरत नाही, थेंब होऊन घरंगळतो. मी अर्धा अर्धा इंच कापत गेलो, दीड इंच गेल्यावर कुठे लालसर तांबं दिसलं. शेवटी पूर्ण वायरच बदलली आणि गाडी पलंगाखाली सुसाट गेली.

म्हणून तुम्ही उलट्या क्रमाने जा: आधी मोजा, मग साफ करा. ०.१ व्होल्टपर्यंत आकडा आला तर सोडून द्या. त्याहून जास्त आला तर पिन एकेक टप्पा पुढे सरकवा, सेल ते स्प्रिंग, स्प्रिंग ते सोल्डर, सोल्डर ते मोटर. जिथे आकडा उडी मारेल तिथे दोष. मोटर अजिबात फिरत नसेल आणि मीटर पूर्ण ३ व्होल्ट दाखवत असेल, तर वाट तिथेच तुटली आहे. अधिक बाजूलाही हेच करा. त्या बाजूला स्विच असेल तर तो वीस-पंचवीस वेळा मागे-पुढे करा, निम्मे स्विच तेवढ्यावर सुधारतात.

आता साफसफाई. "व्हिनेगर लावा" असं सगळेच सांगतात, आणि ते अर्धंच खरं आहे. सेलवर 'अल्कलाइन' लिहिलं असेल तर गळलेला माल क्षारयुक्त, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा असतो. त्याला व्हिनेगर बरोबर. चार्ज होणाऱ्या निकेल सेललाही तेच. पण आपल्याकडे किराणा दुकानात मिळणारा स्वस्त साधा सेल बहुतेक झिंक-कार्बनचा असतो, त्याचा गळ आम्लधर्मी. त्यावर आणखी आम्ल ओतून काय साधणार? तिथे खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावा. दोन्ही वेळा कान कोरायच्या काडीने, थेंबभर. खोक्यात ओतायचं नाही, खाली गिअर आणि सर्किट आहे. मग ओल्या काडीने पुसा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि रात्रभर उघडं ठेवा. लिंबू वापरू नका, चिकटा मागे राहतो. हातमोजे घाला, तो पांढरा चुना डोळ्यात गेला तर मजा नाही. मुलांना तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत पाठवा.

पॉलिश पेपरने स्प्रिंग घासायला माझा ठाम विरोध आहे. स्प्रिंगवर निकेलचा पातळ मुलामा असतो. तो घासून काढलात तर आज चकाकेल, पण मुंबईच्या दमट हवेत लवकरच गंजेल. मुलामा आधीच उडालेला असेल तर स्प्रिंगच बदला. बंद पडलेल्या टीव्ही रिमोटमधली चालते. सोल्डरचा डाग देण्याआधी ती खोक्याबाहेर काढा, नाहीतर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने प्लास्टिक वितळतं आणि सेल पुन्हा कधी नीट बसत नाही. स्प्रिंग सेलच्या सपाट, म्हणजे वजा टोकाला येते. वायर बदलताना जुनीच्याच जाडीची घ्या, फोनच्या चार्जरमधली केसासारखी बारीक नको.

मोठी सुट्टी संपली की सेल काढून ठेवा. गाडीला रिमोट असेल आणि त्यात बटणाएवढा सेल असेल, तर त्याच्या झाकणाचा स्क्रू घट्ट आहे ना, तेही बघा. लहान मुलाने तो गिळला तर लगेच दवाखाना, घरगुती उपाय नाही.

स्क्रू आवळण्याआधी इंजिन उलटं धरून एकदा चालवा. आणि झाकण बसवताना नवी वायर गिअरच्या दातांवर येत नाही ना, हे टॉर्च मारून बघा. त्या निळ्या इंजिनाची वायर मी पहिल्या झटक्यात चिरडली होती. भाचा शेजारी बसून बघत होता. मग चौथी संध्याकाळही गेली.