लिनक्सवर गेमचं जुनं पोर्ट अडलं, तर प्रोटॉन लावा

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या काही गेमची लिनक्स आवृत्ती, म्हणजे पोर्ट, वर्षानुवर्षं अपडेट झालेली नसते. ती सुरू होताच बंद पडते किंवा विंडोज आवृत्तीच्या मागे राहते. अशा वेळी लायब्ररीत गेमवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमधलं कम्पॅटिबिलिटी उघडा, तिथल्या चौकटीत टिक करा आणि प्रोटॉनची, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या स्टीमच्या साधनाची, स्थिर आवृत्ती निवडा. स्टीम विंडोजच्या फाइली नव्याने उतरवतं, म्हणून डिस्कवर जागा हवी.

त्याआधी सेव्ह फाइलींची प्रत काढाच! प्रोटॉनमधला गेम सेव्ह फाइली स्टीमच्या स्टीमॲप्समधल्या कॉम्पॅटडेटा फोल्डरात शोधतो, जुन्या जागी नाही. क्लाउड सेव्ह दोन्हीकडे चालेलच असं नाही.

गेम एनटीएफएस (विंडोजची फाइल-व्यवस्था) पार्टिशनवर मात्र ठेवू नका. प्रोटॉन ‘सी:’ नावाची लिंक बनवतो, आणि विंडोजला नावातला विसर्ग-चिन्हासारखा कोलन चालत नसल्याने तिथे घोळ होतो. लिनक्सची ईएक्सटी४ फाइल-व्यवस्था बरी.