कार्टूनचं पात्र घडवताना: आधी अंग, मग कपडे, चेहरा सगळ्यात शेवटी

‘पात्रच सुचत नाही’ म्हणणाऱ्यांची वही उघडली तर पात्रं ढिगाने सापडतात. फक्त ती सगळी कुठेतरी पाहिलेली वाटतात. मोठाले डोळे, टोकदार केस, पाठीला तलवार, गळ्यात मफलर. मुंबईच्या उकाड्यात मफलर! होतं असं की चेहरा आधी काढला जातो, मग त्याला कपडे चढवले जातात आणि अंगाचा विचार राहूनच जातो. मी उलट्या क्रमाने जाते. कागद, पेन्सिल, टॅब, जे काही लागतं ते तुमच्याकडे आहे असं धरून चालते.

१. एक वाक्य लिहा

पात्राला काय हवंय आणि कशाची धास्ती आहे, एवढंच. आवडता रंग, रास, रक्तगट असले दोन-दोन पानी फॉर्म नेटवर फिरतात. ते भरण्यात संध्याकाळ जाते आणि एक रेघ सुचत नाही. या लेखापुरतं माझं पात्र म्हणजे सोसायटीचा नवा वॉचमन. आपल्याला डुलकी लागेल आणि तेवढ्यात कोणीतरी गेटमधून आत शिरेल, ही त्याची धास्ती.

२. माणसं टिपा

यासाठी लोकलसारखी जागा नाही. सकाळी नऊच्या फास्टमध्ये वही काढायचं धाडस करू नका, दुपारची स्लो पकडा. चेहरे काढायचे नाहीत. एकतर समोरच्याला लगेच कळतं, आणि चेहऱ्यात शिरलात की बाकीचं अंग हातचं जातं. खांद्यांची रेघ, कण्याची रेघ, भार कुठल्या पायावर आहे, हातात काय आहे. बस. तिघींच्या बाकावर चौथ्या सीटला टेकलेली बाई बघा: एक मांडी जेमतेम सीटवर, दुसरा पाय पॅसेजमध्ये रोवलेला, सगळा भार त्या पायावर. सॅक छातीवर घेऊन उभा असलेला मुलगा बाजूने बघा: पाठ मागे कललेली, मान पुढे. लोक हलणार, स्टेशन येणार, चित्र अर्धं राहणार. अर्धंच पुरतं.

३. काळ्या आकृत्या

खरी मेख इथे आहे, त्यामुळे इथे घाई नको.

टिपलेल्या त्या तऱ्हांमधून आता तुमचं पात्र काढायचं. अंगठ्याएवढ्या आकृत्या, ब्रश पेनने किंवा जाड मार्करने, थेट काळ्या भरलेल्या. आत डोळे नाहीत, बटणं नाहीत, काही नाही. ॲनिमेशनवाले याला सिल्हूट म्हणतात. पेन्सिल आणि खोडरबर या वेळी टेबलावर ठेवूच नका.

या पायरीवर मी बरीच वर्षं ठेचकाळत होते, कारण सल्ला मिळायचा तो एकच: ‘शंभर काढ, एखादं चांगलं निघेल.’ शंभर काढले की शंभर सारखे निघतात. हात सवयीने त्याच मापावर येतो. नुसती संख्या वाढवून काही होत नाही, दर वेळी एक माप मुद्दाम बिघडवावं लागतं. खऱ्या मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांएवढी भरते. ती चारवर आणा. मग तीनवर आणा आणि सगळी कपात पायांत करा. पुढच्या आकृतीत पाय तसेच ठेवून धड कापा. नंतर मानच काढून टाका. डोकं, धड, पाय यांतला एक भाग मोठा, एक मध्यम, एक छोटा हवा. तिन्ही सारखे झाले की आकृती मेली.

गोल म्हणजे प्रेमळ, चौकोन म्हणजे भक्कम, त्रिकोण म्हणजे दुष्ट, हा पाढा सगळ्यांचा पाठ असतो. तो खोटा नाही, पण त्यातून पुन्हा तेच लोक बाहेर पडतात: ढेरपोट्या प्रेमळ काका, चौकोनी हवालदार, टोकदार हनुवटीची खाष्ट सासू. आकार पाढ्यातून उचलू नका, पहिल्या पायरीवर लिहिलेल्या धास्तीतून काढा.

वॉचमनचंच घ्या. पहिल्या पानावर जे यायचं तेच आलं: पिळदार मिशा, काठी, शिट्टी, खाकी. काळं भरल्यावर उरला नुसता एक काठीवाला माणूस. त्याची सगळी ओळख खाकीत होती आणि खाकी काळ्यात दिसत नाही. मग वहीत एका गेटवरच्या पोराचं चित्र सापडलं. एजन्सीकडून मिळालेला गणवेश बहुतेक आधीच्या धिप्पाड माणसाचा होता. बाह्या बोटांपर्यंत आलेल्या, टोपी कानांवर टेकलेली, पट्टा आवळल्यामुळे पँटीला कमरेभोवती चुण्या. तेच पकडलं. टोपी अवाढव्य केली, खांदे अरुंद, हातांच्या जागी लोंबणाऱ्या बाह्या आणि एका बाहीतून डोकावणारा टॉर्च. धास्ती मानेत घातली: जागं राहायच्या धडपडीत ती पुढे ताणलेली. आता काळ्यातसुद्धा कळतं की हा नवा आहे आणि याला झोप येतेय.

हात अंगाला चिकटवू नका, काळ्यात ते गायब होतात. कोपर आणि कंबर यांच्यामध्ये उजेड दिसला पाहिजे. १९८१ च्या ‘डाँकी काँग’ या आर्केड गेमसाठी शिगेरू मियामोतो यांनी मारिओ घडवला तेव्हा हाताशी मोजके पिक्सेल होते. तोंड दाखवायला जागा नाही म्हणून मिशी, केस हलवत बसायला नको म्हणून टोपी, हात धडापासून वेगळे कळावेत म्हणून डंगरी. ‘स्टाइल’ शोधत बसणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन घ्या. वर कोट, खाली धोतर, टकलाच्या कडेने उडालेले केस. कोटाची चौकडी पुसून टाका, माणूस तरी चुकत नाही. वरळी सी फेसला त्याचा पुतळा आहे, एकदा त्याच्या मागे जाऊन उभे राहा.

आणि एक सक्त ताकीद: या पायरीवर पिंटरेस्ट बंद, एआयची चित्रंही बंद. दुसऱ्याने काढलेलं पात्र समोर ठेवलंत की तुम्ही त्याचं उत्तर उतरवून घेता, त्याला पडलेला प्रश्न तुम्हाला दिसतही नाही. संदर्भ लागला तर फोटो बघा, नाहीतर स्वतःची वही.

पान भरलं की मोबाइलने फोटो काढा आणि व्हॉट्सॲपच्या डीपीएवढा करून बघा. गोष्टीतली बाकीची पात्रंही काळी करून शेजारी उभी करा. दोघांत गल्लत होत असेल तर एकाचं अंग बदला. शर्टाचा रंग बदलून भागत नाही.

४. दुसऱ्याला आठवणीतून काढायला लावा

घरातलं कोणीही चालेल, चित्रकला येत नसेल तर उत्तमच. आकृती क्षणभर दाखवा, झाका, आणि काढायला सांगा. लोक जे काढतात ते तुमचं डिझाइन. जे विसरतात ते बहुतेक वेळा ओझं असतं. वॉचमनची टोपी आणि बाह्या सगळ्यांनी काढल्या, शिट्टी कोणीच नाही. शिट्टी गेली.

५. चेहरा

आता काढा. डोकं कुठे आणि केवढं हे ठरलेलंच आहे, त्यामुळे सोपं जातं. वॉचमनच्या टोपीखाली अर्धेच डोळे दिसतात, म्हणून भाव भुवयांऐवजी तोंडात आणि मानेत आणावे लागले. हसू, राग, भीती, कंटाळा एवढे भाव काढून बघा. कंटाळा जमला की बाकीचे जमतात.

६. रंग

तीन पुरे. रंगवल्यावर चित्र कृष्णधवल करून बघा, सगळं एकाच राखाडी छटेचं झालं तर रंग बदला.

७. चारी बाजूंनी

समोरून, पाऊण वळलेलं, बाजूने, मागून. डोकं, खांदे, कंबर, गुडघे यांच्या आडव्या रेघा चारही चित्रांतून सरळ गेल्या पाहिजेत. टॉर्च उजव्या हातात असेल तर मागच्या चित्रातही तो उजव्याच हातात आहे ना, हे तपासा. ॲनिमेटरचा फोन याच गोष्टीसाठी येतो, आणि तोही रात्री अकरानंतर. फाइलच्या नावात ‘फायनल’ लिहू नका, तारीख टाका.