सीएसव्हीवर डबल-क्लिक, आणि टाळाव्यात अशा आणखी काही चुका

घरखर्च, रोजची पावलं, विजेचं रीडिंग असा स्वतःचा डेटा जमवणारे बरेच जण मदत मागतात, आणि बहुतेकांचं बिनसलेलं असतं एकाच जागी. सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी मजकूर फाइल, डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडायची, कॉलम जरा रुंद करायचा आणि सवयीने सेव्ह मारायचं. तेवढ्यात ००४५ चं ४५ झालेलं असतं.

एका मित्राने बँकेच्या फाइलींमधून वर्षाचा खर्च गोळा केला. महिनावार आलेख काढला, तर अख्ख्या वर्षाचं घरभाडं एकट्या जानेवारीत! तो आलेखाचा कोड उलटसुलट करत बसला होता. मी फाइल नोटपॅडमध्ये उघडली. काही तारखा १/५/२०२३ अशा, काही १३/०५/२०२३ अशा. एक्सेलने तारीख म्हणून वाचलेल्यांचंच पुढचं शून्य गळालेलं, त्यावरूनच उलगडा झाला. त्याच्या लॅपटॉपची तारखेची सेटिंग अमेरिकी होती, म्हणून भाड्याच्या १ मेची ५ जानेवारी झाली, १ जूनची ६ जानेवारी. १३ पासूनच्या तारखा महिना म्हणून बसेनात, त्या नुसता मजकूर म्हणून राहिल्या आणि स्क्रिप्टने त्या ओळी गुपचूप गाळल्या. तारखा निदान दुरुस्त करता आल्या. १२ अंकी व्यवहार क्रमांक मात्र ४.१२३४६ई+११ असे, शेवटचे आकडे गाळून, सेव्ह झाले होते. मूळ फाइल ठेवलीच नव्हती, त्यामुळे ते गेले ते गेलेच.

हे मुरलेल्यांनाही छळतं. मार्च१, सेप्ट१ या जनुकांच्या नावांच्या एक्सेल तारखा करायचं. २०२० मध्ये नामकरण समितीने चक्क जनुकांची नावं मार्चएफ१, सेप्टिन१ अशी बदलल्याचं जाहीर केलं.

मी उतरवलेली फाइल आधी 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये टाकतो आणि रीड-ओन्ली करतो. काम प्रतीवरच. एक्सेल हवंच असेल तर डेटा टॅबमधून इम्पोर्ट, सगळे कॉलम टेक्स्ट. तारीख नेहमी २०२३-०५-०१ अशी. यात पाच मिनिटं जातात, आणि नेमकी तीच वाचवायची घाई नवख्यांना असते. पहिल्याच दिवशी डॅशबोर्डचे रंग निवडणाऱ्यांना मी आधी ओळी मोजायला लावतो: बँकेच्या फाइलीत किती, तुमच्या टेबलात किती?

मराठी अक्षरांचा एक्सेलमध्ये चिखल झाला, तर फाइल बीओएमसह (म्हणजे सुरुवातीला एन्कोडिंगची खूण ठेवून) यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये सेव्ह करा.

त्याच डिस्कवरची प्रत म्हणजे बॅकअप नव्हे.

एपीआय की, म्हणजे एखादी सेवा कोडमधून वापरायची गुप्त किल्ली, चुकून गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर गेली, तर ती ओळ खोडून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये, म्हणजे कोडच्या आधीच्या नोंदीत, ती तशीच असते. आधी की रद्द करा, नवी घ्या, मग कोड आवरा.