परसातल्या टर्फवर पाणी साचत होतं, ते असं थांबलं
परसातल्या बॉक्स क्रिकेटच्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी पाय ठेवला की पचपच पाणी वर यायचं. टर्फला जादा भोकं पाडली, सिलिका वाळू वाढवली. काही फरक नाही. फार वैताग आला. दोष खालच्या चिकट मुरमात होता.

टर्फ गुंडाळून ६ इंच खोदलं. तळालाच मीटरमागे १ सेंटिमीटर उतार दिला, कुंपणालगतच्या चराकडे. त्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), मग २० मिमी खडीचा ४ इंच थर, प्लेट कॉम्पॅक्टरने दाबून. वर ६ मिमी कच (बारीक खडी), १ इंच. दगडाची भुकटी अजिबात घेऊ नका, ती पाण्याची वाट बुजवते. पुन्हा दाबलं. टर्फचे पट्टे तंतू एकाच दिशेला ठेवून अंथरले, जोडपट्टीवर चिकटवले, कोरडी वाळू झाडूने भरली. आता सर थांबली की अर्ध्या तासात पोरं खेळायला उतरतात.