शाकाहारी ताटातल्या या चुका टाळा

चालता चालता आईच्या पायातली चप्पल निसटायची आणि तिला पत्ताही लागायचा नाही. तळपायांना मुंग्या, जिभेची आग, सततचा थकवा. ‘वय झालं आता’ म्हणत वर्ष गेलं. रक्त तपासलं तेव्हा बी-१२ हे जीवनसत्त्व अगदी तळाला गेलेलं. घरात रोज दोन लिटर दूध यायचं, पण ते मुलांना, साय तुपाला आणि आईच्या वाट्याला फक्त चहातलं.

धान्य, डाळी, भाज्या, फळं यांत बी-१२ मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, पनीर यांतूनच घ्यावं लागतं, तुपातून नाही. मोठ्या माणसाची रोजची गरज २ ते २.५ मायक्रोग्रॅम, आणि ग्लासभर दुधात साधारण १. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून कमतरता उशिरा उघड होते. स्पिरुलिना (शेवाळाची पावडर) किंवा इडलीच्या आंबवलेल्या पिठावर विसंबू नका. मधुमेहावरची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या बरीच वर्षं चालू असतील तर तपासणी करून घ्याच. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर हिमोग्लोबिन सुधारलेलं दिसतं, पण नसांची हानी आत चालूच राहते. आईच्या मुंग्या इंजेक्शनांनी गेल्या. डाव्या पायाचा बधिरपणा काही गेला नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण एवढी साधी तपासणी वर्षभर आधी करता आली असती.

‘वरण आहे ना, मग प्रथिनं झाली’ ही दुसरी चूक. १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात, पण पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम ४-५. साठ किलोच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम तरी हवीत. त्यासाठी घट्ट वरण, मटकीची उसळ, पिठलं, वाटीभर दही हे सगळं ताटात यायला हवं. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. खिचडीत जी थोडी प्रथिनं असतात ती दाण्याच्या कुटाची. उपवासाला राजगिरा आणि दही बरं.

लोहाचं गणित चहा बिघडवतो. पालेभाजी, डाळींतलं लोह मुळातच कमी शोषलं जातं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर आणखी कमी. चहा तासाभराने घ्या आणि उसळीवर लिंबू पिळा.